गोठ्यातले शेण, शेडमधले लिटर: आधी पाणी आवरावे, मग खत करावे

चार-पाच संकरित गायी आणि जोडीला ब्रॉयलर कोंबड्यांची एखादी शेड, अशी जोड पुणे, नाशिक, सांगली या भागांत पुष्कळ ठिकाणी दिसते. अशा ठिकाणी दुर्गंधी, माश्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांचे मूळ शोधत गेले की बहुतेक वेळा ते पाण्यापाशी सापडते. शेणाला किंवा लिटरला (शेडमध्ये अंथरलेले तूस आणि त्यात मिसळलेली कोंबड्यांची विष्ठा) हवा मिळाली की ते कुजते. ते भिजून चिकटले आणि हवा कोंडली की ते सडते, आणि वास येतो तो सडण्याचा. म्हणून विल्हेवाटीचा विचार खताच्या खड्ड्यापासून नव्हे, तर छपराच्या पन्हाळीपासून सुरू करावा. माझ्या गोठ्याच्या पागोळ्या कित्येक वर्षे थेट उकिरड्यावर पडत होत्या. पावसाळाभर त्यातून काळपट पाणी ओढ्याकडे वाहत राही आणि दिवाळीनंतर हाती येई ती नुसती फिकट काडी. खताचा कस त्या काळ्या पाण्याबरोबर निघून जात होता, हे समजायला मला फार उशीर झाला. पन्हाळ लावून पाणी दुसऱ्या बाजूला वळवणे आणि उकिरड्याच्या वरच्या अंगाला एक चर खणणे, एवढे काम मे महिन्यातच उरकून घ्यावे.

गोठ्याच्या जमिनीला दहा फुटांस तीन इंच एवढा उतार पुरतो. शेण आधी फावड्याने कोरडेच उचलावे आणि नंतरच गोठा धुवावा. शेणासकट धुतल्यास एका पाटीच्या जागी चार पाट्या पातळ राडा होतो आणि तो कुठेही साठवता येत नाही. मूत्र नालीतून वेगळ्या झाकलेल्या टाकीत घ्यावे व पाण्यात मिसळून उसाला किंवा चाऱ्याच्या पिकाला सोडावे.

संकरित गाय दिवसाला सुमारे २० किलो शेण देते. २ घनमीटरच्या गोबरगॅसला रोज साधारण ५० किलो शेण लागते, म्हणजे तीन गायी बांधलेल्या असल्या तरी तो चालतो. शेण व पाणी समप्रमाणात कालवावे, त्यातील कडब्याची धांडे आणि खडे हाताने काढून टाकावेत, आणि जंतुनाशकाने गोठा धुतलेले पाणी त्यात कधीही जाऊ देऊ नये, कारण गॅस तयार करणारे जिवाणू त्याने मरतात. गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ राडा, हे तयार खत आहे. ती वाहू न देता दोन आळीपाळीच्या खड्ड्यांत पालापाचोळ्यावर घ्यावी.

शेण थोडे आणि काडीकचरा भरपूर असेल, तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत अधिक सोयीची पडते. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधून भिंतींत हवेसाठी झरोके ठेवतात; त्यात काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपतात. लिंपणाला भेग पडली की ती लगेच बुजवावी, कारण तिथूनच ओल उडते आणि आतले कुजणे थांबते. साधारण चार महिन्यांत खत तयार होते.

पोल्ट्रीचे लिटर मात्र शेणापेक्षा फार तिखट असते आणि त्यात सर्वाधिक लक्ष निपलखाली, म्हणजे कोंबड्यांना पाणी पाजणाऱ्या तोट्यांखाली, द्यावे लागते. रोज सकाळी निपलच्या ओळीखालचे लिटर मुठीत घेऊन दाबावे. मूठ उघडल्यावर ते भुरभुर सुटले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ते ओले आहे, आणि तेवढाच भाग काढून त्या जागी कोरडे भाताचे तूस टाकावे. गळके निपल त्याच दिवशी बदलावे. डोळे चुरचुरू लागले म्हणजे अमोनिया झाला, हे खरे; पण माणसाला उभ्याने जेवढा वास येतो, त्याहून जास्त तो जमिनीलगत वावरणाऱ्या पिल्लांना लागत असतो, तेव्हा वास घ्यायचा तर खाली बसून घ्यावा. शेडच्या बाजूंचे पडदे फार वेळ बंद ठेवू नयेत. अंड्यापासून माशी होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ओला भाग आठवड्यातून दोनदा तरी बाहेर गेलाच पाहिजे.

कोंबड्यांची बॅच विक्रीला निघाल्यावर लिटर तसेच शेतात टाकू नये. त्याच्या उष्णतेने आणि क्षारांनी रोपे करपतात. त्यात पाचट, तुरीच्या काड्या असे कोरडे मिसळून चार-पाच फूट उंचीचा ढीग लावावा व ओल अशी ठेवावी की मुठीत गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवावी. पाच-सहा दिवसांनी ती उपसल्यावर हाताला चटका बसला तर काम नीट चालले आहे. दर पंधरा दिवसांनी ढीग उलटावा. वास मारण्यासाठी ढिगात चुना कालवण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण चुन्याने नत्र अमोनिया होऊन उडून जाते. गांडुळांच्या वाफ्यात ताजे कोंबडीखत कधीच घालू नये, ती मरतात.

रोजची मरतूक, म्हणजे मेलेल्या कोंबड्या, ओढ्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकणे हा गावाच्या आरोग्याशी खेळ आहे. विहिरीपासून दूर, पाणी न लागणाऱ्या जागी खोल खड्डा घेऊन त्यावर घट्ट झाकण बसवावे. मरतूक एकाएकी वाढल्यास पक्षी पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूर तालुक्यात बर्ड फ्लूने किती शेड रिकाम्या केल्या, हे त्या भागातले पोल्ट्रीवाले अजून विसरलेले नाहीत.

कच्चे शेणखत शेतात गेले की त्याबरोबर हुमणी (पिकाची मुळे खाणारी अळी) आणि तणाचे बी जाते, म्हणून खत पूर्ण कुजलेलेच वाहावे. आपल्याकडे ऐन उन्हात शेतभर छोटे ढीग घालून ते पंधरा-पंधरा दिवस तसेच ठेवतात. त्याऐवजी जेवढ्या ट्रॉल्या एका दिवसात पसरून होतील तेवढ्याच आणाव्यात आणि त्याच संध्याकाळी कुळवाची पाळी देऊन खत मातीआड करावे.