वालुकाश्म वापरताना या चुका टाळा

धोलपूरचा बदामी किंवा जोधपूरचा तांबूस वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण घट्ट होऊन बनलेला दगड, हल्ली महाराष्ट्रातल्या घरांच्या दर्शनी भिंतींवरही दिसतो. मात्र आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, आडाखे या दगडाला लावले की काही पावसाळ्यांतच त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ रंग पाहून दगड निवडणे. वालुकाश्मातील ०.०६ ते २ मिलिमीटर आकाराचे कण प्रामुख्याने क्वार्ट्झचे असतात आणि खनिजांचा कठीणपणा १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोहस् मापनश्रेणीवर क्वार्ट्झचे काठिण्य ७ असल्याने ते सहसा झिजत नाहीत. झिजते ते कणांना बांधून ठेवणारे द्रव्य. हे द्रव्य सिलिका असेल तर दगड टिकाऊ असतो, कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, असेल तर आम्लाने विरघळतो आणि चिकणमातीचे असेल तर पाण्याने सैल पडतो. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, त्यावरून मजबुती ठरवता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी दगडाचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून कण सुटतात का ते पाहावे आणि दुसऱ्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फेस आला तर त्यात कॅल्साइट आहे असे समजावे.

हेच आम्ल बसवलेल्या भिंतीच्या सफाईसाठी मात्र कधीही वापरू नये, कारण ते कॅल्साइट खाते आणि लोह विरघळवून पिवळे डागही पाडते. मऊ ब्रश आणि स्वच्छ पाणी पुरेसे असते.

दगडाचे थर उभे करून ते दर्शनी पृष्ठाला समांतर ठेवणे ही गवंडीकामातली नेहमीची चूक. वाळू जशी थरांनी साचली, तसेच आडवे थर भिंतीत राहिले पाहिजेत, म्हणजे वरचे वजन त्यांना दाबून धरते. कमानीत मात्र थर दाबाच्या दिशेला काटकोनात हवेत.

भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, दिसताच वरून चकचकीत लेप देण्याची घाई होते. लेपामागे अडकलेले पाणी क्षारांना दगडाच्या आतच स्फटिकरूप घ्यायला लावते आणि पृष्ठभाग फुटतो. आधी ओल कुठून येते ते शोधावे, गळती बंद करावी आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. जुन्या वास्तूच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, घट्ट सिमेंटऐवजी चुन्याने भराव्यात, म्हणजे ओल दगडातून न जाता दरजांतून बाहेर पडेल.