बिल्डरविरुद्ध केस करायची की नाही? बांधकामातील दोषांबाबत या चुका टाळा

नव्या घरात दुसऱ्याच पावसाळ्यात भिंत ओलसर होते. बिल्डरचा माणूस येतो, पुट्टी मारून जातो आणि वर्षभरात त्याच जागी पुन्हा पोपडे सुटतात. मग घरात चर्चा रंगते. एक जण म्हणतो केस ठोका, दुसरा म्हणतो कोर्टकचेरीत आयुष्य जाईल, तिसरा म्हणतो बिल्डर ओळखीचा आहे, समजुतीने घेऊ. हा वाद मिटेपर्यंत जे काम सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, ते मात्र कुणीच करत नाही. दोष लेखी कळवला जात नाही.

दोष कळवणं आणि खटला लढणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. लढायचं की नाही यावर हवा तेवढा विचार करा, पण कळवण्याचं काम त्यासाठी थांबवू नका. महाराष्ट्रातल्या घरांच्या बाबतीत तर हा फरक थेट कायद्यातूनच येतो.

ठरत नाही तोवर गप्प बसणं

रेरा म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचं कलम १४(३) पाहा. ताबा दिल्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत बांधकामाच्या ढाच्यातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर जादा पैसे न घेता ३० दिवसांत तो दूर करणं हे बिल्डरचं कर्तव्य आहे. त्याने ते केलं नाही, तर घर घेणाऱ्याला भरपाई मागता येते. इथे ५ वर्षांच्या आत व्हायला हवं ते दोष कळवण्याचं काम. चौथ्या वर्षी दिसलेली गळती सहाव्या वर्षी पहिल्यांदा लेखी कळवली, तर बिल्डरचा वकील आधी तारखेवरच बोट ठेवणार.

म्हणून ताबापत्र शोधून तारीख बघा. मोजणी ताब्यापासून होते, करार नोंदवल्यापासून नाही. घर पुनर्विक्रीत घेतलं असेल, तर आधीच्या मालकाकडून मूळ ताबापत्राची प्रत मागून घ्या. खरेदीने घर मिळालेल्या व्यक्तीलाही रेरा ‘अलॉटी’ म्हणजे हक्क असलेला घर घेणारा मानतो, फक्त भाडेकरूला मानत नाही. रेरा लागू होण्याआधी पूर्ण झालेल्या जुन्या इमारतींना १९६३ चा मोफा म्हणजे महाराष्ट्राचा जुना फ्लॅट मालकी कायदा लागतो आणि तिथे ही मुदत ३ वर्षांची आहे.

पत्र करारात लिहिलेल्या कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, सोबत ईमेलही करा. साइटवरच्या सुपरवायझरला फोन केला किंवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, तर त्याचा पुरावा म्हणून आधार मिळतो, पण त्याच्यावरच विसंबून राहू नका. पत्रात नुसतं ‘भिंतीला ओल आहे’ एवढंच नको. कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीपर्यंत, पहिल्यांदा कधी दिसली, पावसाळा संपल्यावर वाळते की नाही, हे सगळं लिहा. नवा दोष दिसला की नवं पत्र.

लक्षण दाखवून थांबणं

बहुतेक तक्रारी कमकुवत होतात त्या इथेच. ओल, भेग, पोकळ वाजणारी टाइल ही लक्षणं झाली. बिल्डरला जबाबदार धरायचं तर कारण दाखवावं लागतं.

ओलीचंच बघा. ती बाहेरच्या प्लास्टरच्या भेगांमधून आलेली असेल, वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग फसलं असेल, भिंतीत दडवलेल्या पाइपचा सांधा गळत असेल किंवा गच्चीचा उतार चुकून पाणी साचत असेल. वरच्या शेजाऱ्याने फरशी बदलताना वॉटरप्रूफिंग फोडलेलं असण्याचीही शक्यता असते. तसं असेल तर बिल्डरशी भांडून काहीही हाती लागणार नाही. ओल फक्त पावसात वाढत असेल तर संशय बाहेरच्या भिंतीवर किंवा गच्चीवर जातो, बारा महिने सारखीच राहत असेल तर पाइप आणि बाथरूमकडे. बाथरूमचा निचरा बंद करून एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवलं आणि खालच्या छतावर डाग उमटला, तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

भेगांचंही तसंच आहे. प्लास्टरवर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेषा बहुधा प्लास्टर आक्रसल्याच्या असतात. बीम आणि विटांची किंवा ब्लॉकची भिंत जिथे मिळतात, तिथे सरळ रेघेत भेग गेली असेल, तर त्या सांध्यावर प्लास्टरखाली जाळी बसवली होती का, हे विचारायला हवं. दोन्ही दिसायला वाईट, पण घराला धोका नाही. बीम किंवा कॉलमवर तिरकी भेग, सळईच्या रेषेत उतरणारे तांबूस डाग, छताच्या काँक्रीटचे सुटणारे तुकडे ही मात्र वेगळी बाब आहे. असं काही दिसलं तर त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर ठोकून टणकपणा मोजणारं साधन), अल्ट्रासोनिक तपासणी (ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारी), गरज पडल्यास काँक्रीटचा नमुना काढून केलेली चाचणी, यांतून अंदाजाच्या जागी आकडे येतात.

अहवालात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: दोषाचं कारण, दुरुस्तीची पद्धत आणि खर्चाचा अंदाज. करारातल्या साहित्याच्या यादीशी आणि मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष काम कुठे जुळत नाही, हेही इंजिनिअरकडून लिहून घ्या. केस करावी की नाही याचं निम्मं उत्तर वकिलाआधी हा अहवाल देतो. कारण सापडत नसेल किंवा दुरुस्तीचा खर्च लढण्याच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर पत्रव्यवहारावर भागवणं शहाणपणाचं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पुरावा आपल्याच हाताने पुसणं

वैतागून आपण प्लंबर बोलावतो, टाइल्स उखडतो, नवं वॉटरप्रूफिंग करून घेतो. नंतर बिल्डर म्हणतो की तुम्हीच तोडफोड केलीत, दोष तुमच्या कामाचा. परस्पर बदल केल्यास दोषांची जबाबदारी संपते, अशी अट अनेक करारांत असते. ती आपल्या करारात आहे का, हे आधी वाचा. दुरुस्ती थांबवणं शक्यच नसेल, तर बिल्डरला पाहणीसाठी तारीख देऊन लेखी कळवा, फोडण्याआधी, फोडताना आणि नंतरचे तारखेसह फोटो ठेवा, पक्की बिलं घ्या. जिवाला धोका असेल तिथे मात्र पुराव्याची वाट पाहू नका. टेकू लावा, खोली रिकामी करा.

चुकीच्या दारावर जाणं

आधी ठरवा, दुरुस्ती हवी आहे की पैसे? महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणात, दोन वेगळे मार्ग आहेत. बिल्डरकडून कर्तव्य करून घेण्यासाठी प्राधिकरणाकडे तक्रार होते. कलम १४ खालची भरपाई ठरवण्याचा अधिकार मात्र न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा (अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसरचा) आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. भरपाईची मागणी चुकीच्या अर्जात घातली की वेळ फुकट जातो.

ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. रेरा असला तरी ग्राहक कायद्याखाली दाद मागता येते, हे इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात २०२० मध्ये ठरलं. पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. उशिराला सबळ कारण दिलं तर सवलत मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. जे प्रश्न रेराच्या कक्षेत येतात, ते दिवाणी न्यायालयात नेण्याला कलम ७९ ने मनाई आहे. एकाच मागणीसाठी दोन ठिकाणी अर्ज करू नका.

माझं मत विचाराल तर, काम बिल्डरकडूनच करून घेणं शक्य असेल तर महारेरा बरा. विश्वास पार उडाला असेल, दुरुस्ती स्वतः करून घेतली असेल आणि खर्चासोबत झालेल्या त्रासाची भरपाई मागायची असेल, तर ग्राहक आयोगाचाही गांभीर्याने विचार करावा.

एकट्याने लढणं

गच्ची, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, पोडियम, अग्निशमन यंत्रणा हे सगळ्यांचे दोष आहेत. तिथे एका फ्लॅटधारकाच्या तक्रारीपेक्षा सोसायटीची तक्रार भक्कम ठरते. घर घेणाऱ्यांच्या संघटनेला रेराखाली तक्रार करता येते. सर्वसाधारण सभेत ठराव करा, खर्चाची वर्गणी ठरवा, एकाच इंजिनिअरकडून पूर्ण इमारतीची तपासणी करून घ्या.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असं समजणं

एका प्रकल्पापुरती काढलेली कंपनी, खात्यात काही नाही, संचालक दुसऱ्या नावाने नवं काम करतायत. अशा कंपनीविरुद्ध जिंकूनही हात रिकामे राहू शकतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी उघडून प्रवर्तक, म्हणजे कायद्याने प्रकल्पाला जबाबदार असलेले, कोण कोण आहेत ते पाहा. जमीनमालकही प्रवर्तक असेल तर तक्रारीत त्यालाही सामनेवाला म्हणजे विरुद्ध पक्ष करा. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर तिच्याविरुद्धची इतर प्रकरणं स्थगित होतात आणि दावा तिथेच नोंदवावा लागतो. हे तपासायला एक दुपार पुरते, पण ते केस दाखल करण्याआधी करायचं असतं.

कायद्याने ग्राहकाच्या बाजूने दोन चांगल्या तरतुदीही केल्या आहेत. थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. आणि भरपाईच्या आदेशाविरुद्ध बिल्डरला अपील करायचं असेल, तर ती पूर्ण रक्कम आधी भरावी लागते.

घाईने ‘पूर्ण व अंतिम’ सही करणं

नोटीस गेल्यावर अनेक बिल्डर बोलायला तयार होतात. महारेराचा सलोखा मंचही याच कामासाठी आहे, आणि तडजोड हा चांगला शेवट असू शकतो. पण समझोत्याच्या कागदावर नेमकं कोणतं काम, कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखेपर्यंत, ते तपासणार कोण आणि पुन्हा गळलं तर काय, हे सगळं आलं पाहिजे. गळतीची दुरुस्ती उन्हाळ्यात झाली असेल, तर ‘आता कोणतीही तक्रार नाही’ या वाक्याखाली एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत सही करू नका.