जुनी गाडी मिसिंग मारतेय? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

पाऊस लागला की माझ्या कळव्याच्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. पंधरा-वीस वर्षांची पेट्रोल गाडी, चढावर मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि गाडी धक्के देते, आणि मागच्या सीटवर बदललेल्या पार्टांची खोकी. ठिणगी पाडणारे प्लग नवे, फिल्टर नवा, कधी पेट्रोल पंपही नवा. मिसिंग मात्र जसंच्या तसं.

न तपासता पार्ट बदलत सुटणं, या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गेल्या जुलैत घोडबंदर रोडवरचे एक काका २००२ ची सेडान घेऊन आले. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा प्लग टाकलेले. टाकले की आठ दिवस गाडी झकास, मग गायमुखच्या चढावर पुन्हा तेच. आधीच्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडायला सांगितलं होतं.

मी चारही प्लग काढून नंबराप्रमाणे फडक्यावर मांडले. दोन नंबरच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढावी तशी उभी, बारीक काळी रेघ होती. पुसली तरी जाईना. ठिणगी टोकाशी पडायच्या ऐवजी प्लगच्या अंगावरून बाहेरच्या बाहेर उतरत होती. एचटी वायरच्या, म्हणजे कॉइलमधून प्लगपर्यंत हाय व्होल्टेज आणणाऱ्या वायरच्या, रबरी टोपणात टॉर्च मारला, तर आतही तशीच रेघ. टोपण तेलाने फुगून मऊ पडलेलं, प्लगच्या खड्ड्यात बोटभर तेल. टॅपेट कव्हरखालचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं, सील गेलं होतं. त्याच टोपणात नवा प्लग बसवला की ठिणगीला जुनी वाट तयारच. आठवड्याभरात नव्या प्लगवरही रेघ उमटायची. सील, वायरचा सेट आणि प्लग तिन्ही एकदमच बदलावे लागले. इंजिनला हात लावायची गरजच नव्हती.

चढावरच का, असं काकांनी विचारलं. ॲक्सिलरेटर जास्त दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबात उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. मग ती सोपी वाट धरते. म्हणून अशी गाडी गॅरेजच्या दारात उभी करून तपासू नका. लोडवर चालवून बघा. उलट, नुसत्या आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) मिसिंग आणि रेस दिली की गायब, असं असेल तर व्हॅक्यूमचे कडक झालेले पाइप आधी बघा, चिरेतून ते जादा हवा आत ओढतात.

माझी सवय साधी आहे: संशय असलेली वस्तू दुसऱ्या सिलिंडरवर लावायची, एका वेळी एकच. दोनचा प्लग तीनवर लावला आणि मिसिंग तीनवर गेलं, तर दोष प्लगचा. दोनवरच राहिलं तर वायर, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते). नवा पार्ट न घेता अर्ध्या तासात उत्तर मिळतं. शिकाऊ पोरांना तेवढाही धीर नसतो, तिन्ही वस्तू एकदम बदलतात आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच शिकत नाहीत. प्लग मात्र इंजिन गार झाल्यावरच काढा, गरम ॲल्युमिनियम हेडमधले आटे निघून येतात.

कोणता सिलिंडर मिसिंग आहे ते शोधायला चालू इंजिनवर एचटी वायर उपटून बघू नका. झटका बसतो, कॉइलही जाऊ शकते. इंजेक्टरची गाडी असेल तर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा; ज्याचा काढला तरी इंजिनात फरक पडत नाही, तोच सिलिंडर मिसिंग.

गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ दिसलं की लोक प्लग आणायला धावतात. दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग आहे, एवढंच तो कोड सांगतो. का, ते सांगत नाही.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो खराब होतो.

आता सीएनजीबद्दल, कारण ठाण्या-नवी मुंबईत जुन्या गाडीला किट असतंच. फक्त गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, तर आधी प्लग-वायर बघा. गॅसला ठिणगी जोरदार लागते. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर वापरात नसलेले इंजेक्टर चोंदलेले असतात. दोन्हींवर, तेही आयडलला मिसिंग असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग, बघा. कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप संपत जातो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं. ‘टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे टॅपेट बरोबर आहेत’ हे मी रोज ऐकतो. आवाज सैल टॅपेट करतात, घट्ट झालेले गप्पच असतात.

कॉम्प्रेशन मोजताना एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनची रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

टॅपेटचा गॅप गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने लावायचा, आणि बहुतेक गाड्यांत तो थंड इंजिनवर. म्हणून मी अशी गाडी आदल्या रात्रीच सोडायला सांगतो. सकाळी शटर उघडलं की आधी गॅप मोजायचा फीलर गेज हातात घेतो, चहा नंतर.