म्हातारा कुत्रा घरात असेल तर : कसं सांभाळायचं, कधी थांबायचं

आमचा बंड्या गावठी, रस्त्यावरून उचलून आणलेला. साडेतेरा वर्षं जगला. घर कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. वर्षानुवर्षं रोज पहाटे वेताळ टेकडी चढणारा हा गडी एक दिवस पहिल्याच चढाला खाली बसला. "वय झालं आता," म्हणत मी महिना घालवला. दवाखान्यात गेल्यावर कळलं, मागचे दोन्ही खुबे दुखत होते आणि एक दाढ किडलेली होती. वय हा आजार नाही. त्याच्याआड सांधे, दात, मूत्रपिंड, हृदय असं काहीतरी लपलेलं असतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो.

आधी कालनिर्णय

कुत्रं दुखणं लपवतं. आणि रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. म्हणून नोंद. आमच्याकडे दुधाचा हिशेब कालनिर्णयावर असतो, त्याच चौकटीत मी बंड्याची खूण करायला लागले. बरा दिवस की वाईट, एवढंच. "बरा" म्हणजे काय, ते कुत्रं धडधाकट असतानाच ठरवून टाका. आमच्या तीन अटी होत्या: जिना स्वतः उतरणं, दहीभात संपवणं, वॉचमनकाका दिसले की शेपूट. तिन्हींतल्या दोन झाल्या की बरोबरची खूण, नाहीतर फुली.

आठवड्यातून एकदा आणखी तीन गोष्टी लिहा. वजन: त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. श्वास: गाढ झोपेत पूर्ण मिनिटभर छातीची वर-खाली मोजायची, आकडा वारंवार ३०च्या वर जात असेल तर हृदय किंवा फुप्फुसाची शंका घ्यायची. पाणी: भांडं मापून भरायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे २० किलोच्या कुत्र्यानं दोन लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर मूत्रपिंड, मधुमेह वगैरे तपासायला हवं. मादीची नसबंदी झालेली नसेल आणि माजानंतर काही आठवड्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

दवाखाना

लॅब्राडॉर, शेफर्ड यांसारखी मोठी कुत्री सात-आठव्या वर्षीच म्हातारी धरायची, छोटी दहाव्या-अकराव्या. तिथून पुढे दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी, दात, रक्तदाब. चालण्याचा व्हिडिओ काढून न्या. टेबलावर चढवलं की ही मंडळी घाबरून ताठ उभी राहतात आणि लंगडणं गायब होतं. डोळ्यांत निळसर झाक दिसली की लोक लगेच "मोतीबिंदू" म्हणतात. पुष्कळदा ती वयानुसार भिंगात येणारी साधी धूसरता असते, नजर फारशी जात नाही. फरक डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घर

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपली गुळगुळीत फरशी. मागचे पाय फाकतात, कुत्रं एकदा पडतं आणि मग उठायलाच घाबरतं. त्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी मॅट किंवा जुन्या योगा मॅट अंथरा. नुसती सतरंजी नको, ती स्वतःच सरकते. नखं कापलेली हवीत, आणि पंजांच्या गाद्यांमधले केससुद्धा. भांडी पाटावर ठेवा, मान वाकवायला लागत नाही.

जिन्यासाठी पोटाखालून पंचा घालून मागचा भाग हलका उचलून धरा. पंचा मांड्यांच्या पुढे यायला हवा, आणि नराच्या बाबतीत लघवीची जागा मोकळी राहायला हवी. हे मला तिसऱ्या दिवशी, साडी भिजल्यावर समजलं. अगदीच उठेना तेव्हा आम्ही सोलापुरी चादरीची झोळी करायचो, दोन टोकं मी, दोन टोकं शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा.

पडून असलेल्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला. कोपर, खुबा रोज हातानं चाचपा, तिथेच जखमा होतात. खाली जाड गादी, तिच्यावर प्लास्टिक, वर गोधडी.

फिरणं बंद करू नका, तोडून तोडून करा. एका तासाऐवजी दहा-दहा मिनिटं तीनदा, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हं वर यायच्या आत. रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही नाही.

आपल्या कपाटातली गोळी नाही

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, काहीही नाही. "अर्धीच तर दिली" असं म्हणून दिलेली गोळी जठर, यकृत किंवा मूत्रपिंडाला भोवते. आपल्या गुडघ्याला मलम लावलं असेल तर ते त्याला चाटू देऊ नका. गिधाडं मरायला लागली म्हणून २००६ साली जनावरांच्या उपचारांतून डायक्लोफेनॅक हद्दपार झालं, पण आपल्या डब्यात ते आहेच. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच द्यायची आणि मधून मधून रक्त तपासायचं.

खाणं आणि रात्र

दूध-पोळीवर म्हातारा कुत्रा तगत नाही, स्नायू झडतात. मूत्रपिंड ठीक असेल तर अंडं, चिकन चालू ठेवा. कांदा-लसूण नको, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा तर अजिबात नको. द्राक्षं, बेदाण्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पाहुण्यांना हे पटत नाही. प्रसादाचा द्रोण वरच ठेवा.

रात्री येरझाऱ्या, कोपऱ्यात अडकून उभं राहणं, उगाच भुंकणं ही विसरभोळेपणाची लक्षणं असू शकतात. मंद दिवा लावा, फर्निचर हलवू नका. ऐकू येत नसेल तर पाठीमागून हात लावण्याआधी जमिनीवर पाय आपटा.

थांबायचं कधी

एका महिन्यात फुल्या बरोबरच्या खुणांपेक्षा जास्त झाल्या की डॉक्टरांशी सरळ बोलायचं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. तरी मी पंधरा दिवस पेन उचललं नाही. नवऱ्यानं न बोलता फुल्या भरल्या.

घरी येणारे डॉक्टर असतात, आधी विचारून ठेवा. पहिल्यांदा गुंगीचं इंजेक्शन देतात, झोप लागली की शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा खोल श्वास येऊ शकतो, लघवी होते. हे माहीत नसलं की माणूस हादरतो. मुलांना "झोपवलं" असं सांगू नका, तीच मुलं रात्री झोपायला घाबरतात. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला हुंगू द्या.

दहन की दफन, कुठे, किती वाजेपर्यंत, ही चौकशी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे आठवडाभर आधीच करा, त्या दिवशी फोन करायची ताकद नसते. न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या दवाखान्यात देऊन टाका, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. कुत्र्याचा परवाना काढला असेल तर महापालिकेला कळवा. आणि दूधवाल्याला सांगा. बंड्याच्या दह्याचं अर्धा लिटर आमच्याकडे पुढे तीन आठवडे येत होतं.