गोष्टीतल्या बाबांना ड्यूटीवर पाठवा

तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्ट लिहायला शिकवताना ‘विशेषणं वापरा, म्हणी घाला, शेवटी तात्पर्य लिहा’ असं सांगणं आधी बंद करा. त्यानं वही भरते, गोष्ट होत नाही.

विषय जवळचा द्या. ‘जंगलातला सिंह’ दिला की चाळीस सिंह एकाच विहिरीत पडतात. मारबतीची मिरवणूक, फुटाळा तलाव, तान्हा पोळा एवढं सगळं नागपुरात असताना जंगलात कशाला जायचं? लिहिण्याआधी गोष्ट शेजारच्याला तोंडी सांगू द्या.

खरी मेख गोष्टीच्या मधे आहे. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. एका मुलानं लिहिलं होतं: ‘तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझ्या लाकडी बैलाचं चाक निघालं. मग बाबांनी लावलं. मग आम्ही बोजारा मागायला गेलो.’ संपली गोष्ट! चाक निघालं तिथे ती सुरू व्हायला हवी होती, पण बाबांनी घोळ केला. मुलांच्या गोष्टी मोठी माणसंच मारतात. आई समजावते, पोलीसकाका येतात, नाहीतर ‘तेवढ्यात मला जाग आली.’ स्वप्नाला माझ्या वर्गात सक्त मनाई आहे.

म्हणून मी म्हणते, बाबा ड्यूटीवर गेलेत. आता? पहिला उपाय फसलाच पाहिजे, हा दुसरा नियम. उपाय मुलानंच शोधायचा, आणि इथेच मी कित्येक वर्षं चुकले. मूल अडलं की माझ्याच्यानं राहवत नसे. ‘डिंकानं चिकटव, शेजारच्या ताईला विचार,’ असं मीच सुचवायचे. एकदा तर पर्याय फळ्यावर लिहिले आणि अख्ख्या वर्गानं डिंकच लावला. आता प्रश्न विचारते आणि गप्प बसते. ती दोन-तीन मिनिटं फार जड जातात. दुसऱ्या मुलाच्या वहीकडे वळा, खिडकीबाहेर बघा, पण तोंड उघडू नका.

त्या मुलानं पुन्हा लिहिताना आधी चाक दोऱ्यानं बांधलं. दाराबाहेर पडताच ते सुटलं. मग थंड्याच्या बाटलीचं झाकण लावलं. ते लहान, त्यामुळे बैल लंगडायला लागला. पोट्टे हसले, ‘काहून लंगडते बे तुझा बैल?’ यानं उत्तर दिलं, ‘वर्षभर नांगर ओढला ना त्यानं, म्हणून.’ हे मला सात जन्मात सुचलं नसतं.

बोलीतल्या त्या ‘काहून’वर लाल शाई चालवू नका. निवेदन पुस्तकी असू द्या, पण पात्रं घरच्यासारखीच बोलू देत. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी बघा, तेही पेन्सिलीनं, एका वेळी तीनच चुका.

शेवट सुचत नसेल तर शेवटचं वाक्य झाकून गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगा. बहुतेक वेळा ती आधीच संपलेली असते.