मनगटावरच्या सेन्सरमधून ‘व्यायामाची मिनिटं’ काढताना

मनगटावरचा ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचालीचं त्वरण मोजणारा सेन्सर, सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर सात दिवसांत एका माणसाच्या फाइलमध्ये सहा कोटींहून जास्त ओळी जमतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये मावतात जेमतेम साडेदहा लाख, म्हणजे धड तीन तासांचाही डेटा नाही. संख्याशास्त्रात एमएस्सी करून आरोग्य संशोधनात शिरणाऱ्यांची पहिली धांदल इथेच उडते. तेव्हा एक्सेलचा नाद सोडा आणि ‘आर’ ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा शिका. पायथन येत असेल तर तेही चालेल.

एवढा खटाटोप कशासाठी? पूर्वी लोकांची हालचाल मोजायचं काम प्रश्नावलीवर भागायचं. १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ झाला. गरोदर बायकांची घरातली आणि शेतातली कामं तिथे विचारूनच नोंदवली, आणि जास्त कष्ट करणाऱ्या आयांची बाळं लहान जन्मतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे प्रश्नावली टाकाऊ नाही. पण ‘आठवड्यात भरभर किती चाललात?’ असं विचारलं की लोक ‘अर्धा तास’, ‘एक तास’ अशी ठोकळ उत्तरं देतात. सेन्सर ठोकळ बोलत नाही. मात्र माणूस काय करत होता, हे तो सांगत नाही. ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि या कामातला खरा कस तिथेच लागतो.

गणित अवघड नाही. तीन अक्षांवरच्या त्वरणांचे वर्ग, त्यांची बेरीज, मग वर्गमूळ. स्थिर पडलेल्या यंत्रावर फक्त गुरुत्वाकर्षण असतं, म्हणून हे उत्तर १ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकं) यायला हवं. ते १ वजा करायचं, ऋण आलं तर शून्य धरायचं आणि पाच-पाच सेकंदांची सरासरी घ्यायची. या मापाला ‘एन्मो’ म्हणतात. ते मिली-जीमध्ये, म्हणजे जीच्या हजाराव्या भागात, लिहितात. ‘यूके बायोबँक’ या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाने २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त लोकांना आठवडाभर असा सेन्सर घालायला लावला. त्यांची दिवस-रात्र मिळून सरासरी साधारण २८ मिली-जी निघाली. इतकीच! त्यामुळे तुमचं यंत्र स्थिर असताना १ जीऐवजी १.०२ जी दाखवत असेल, तर ही २० मिली-जीची चूक माणसाच्या सगळ्या दिवसाच्या हालचालीशी जवळपास बरोबरी करते. म्हणून आधी कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राची ही चूक दुरुस्त करणं. ‘जीजीआयआर’ हे आरमधलं मोफत पॅकेज फाइलमधलेच स्थिर क्षण शोधून ते करतं. पण ते कॅलिब्रेशन जमलं की नाही, हे रिपोर्टमध्ये आपण बघायचं असतं. नवी मुलं नेमकी तीच कॉलमं वगळतात.

मग येतं ‘न घातलेलं’ ओळखणं. आंघोळीला पट्टा काढला, बेसिनपाशी ठेवला, दुपारी आठवण झाली. झोपलेल्या माणसाचा हातही शांत असतो, पण कूस बदलते, हात हलतो. बेसिनवरचा सेन्सर अगदीच मुडद्यासारखा पडलेला असतो. नेहमीचा नियम असा: तासाभराच्या खिडकीत तीनपैकी किमान दोन अक्षांवरचं प्रमाण विचलन (नोंदींतला चढउतार) १३ मिली-जीपेक्षा कमी असेल, तर यंत्र अंगावर नाही असं धरतात. उलटी गंमतही होते. कुरिअरच्या पिशवीतून परत येणारा सेन्सर रस्ताभर हादरत असतो आणि फाइलमध्ये तो माणूस प्रवासाला निघाल्यासारखा दिसतो. वाटपाच्या आणि परतीच्या तारखा फील्डच्या वहीत असतील तरच ते कापता येतं. त्यामुळे फील्डवर्कर ताईंशी आधीच गट्टी करा. सेन्सर कुठल्या हातात बांधला, हेही त्यांनाच ठाऊक असतं.

टाइम झोन तपासा. ‘एशिया/कोलकाता’ नीट लावलं नसेल, तर सगळ्या गावाची झोप साडेपाच तास सरकते.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा, कट-पॉइंट, म्हणजे किती मिली-जीच्या वर कुठल्या जोराची हालचाल धरायची तो उंबरठा. मनगटासाठी प्रौढांत १०० मिली-जीच्या वर ‘मध्यम किंवा जोरदार’ हालचाल, असा उंबरठा सर्रास वापरतात. हे उंबरठे बहुतेक प्रयोगशाळेत, ट्रेडमिल आणि ठरावीक कामं करून घेऊन काढलेले असतात. आपल्याकडच्या एखाद्या गृहिणीचा आलेख उघडून बघा. सकाळी पोळ्या लाटताना मनगट सारखं हलतं, रेघ वर चढते. पुढे डोक्यावर हंडा आणि एका हाताचा त्याला आधार, अशी ती चढावर येते. दम तिचा इथे लागतो, पण सेन्सर त्याच हातात असेल तर रेघ खाली बसलेली दिसते. सायकलचंही तेच, हँडलवरचं मनगट कमी बोलतं. म्हणून मी कुठलाही आकडा काढण्याआधी वीसेक जणांचे आलेख डोळ्यांखालून घालते आणि शक्य असेल तर शेजारी त्यांची दिवसाची डायरी ठेवते. कंबरेवरच्या सेन्सरचा उंबरठा मनगटाला लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण असे प्रबंध वाचले आहेत.

किती तास घातला तर दिवस ‘धरायचा’, सलग दहा मिनिटांच्या हालचालीच मोजायच्या की सुट्या मिनिटांनाही मान द्यायचा, हे सगळं विश्लेषणाआधी लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे आणि सलग दहा मिनिटांची जुनी अट त्यांत नाही. जुना पेपर आणि नवा पेपर शेजारी ठेवून तुलना करताना हे विसरलात, तर लोक एका रात्रीत चपळ झाल्यासारखे वाटतील.

सरावाला डेटा कुठून आणायचा? अमेरिकेच्या ‘न्हेन्स’ या आरोग्य-सर्वेक्षणाचा मिनिटवार डेटा फुकट मिळतो. ऑक्सफर्डचा ‘कॅप्चर-२४’ तर फारच कामाचा: १५१ जणांनी सेन्सरबरोबर अंगावर कॅमेराही लावला होता, त्यामुळे कुठल्या वेळी काय चाललं होतं याच्या खुणा डेटातच आहेत. फिजिओथेरपीवाले असाल तर कोड बघून घाबरू नका. कुठली हालचाल कशी दिसेल याचा अंदाज तुम्हाला इंजिनिअरांपेक्षा लवकर येतो. इंजिनिअरांनी मात्र साथरोगशास्त्राचं एक बरं पुस्तक वाचावंच.

नोकरीला अर्ज करताना सर्टिफिकेटांची चळत जोडू नका. न्हेन्समधले शंभर लोक घ्या, एकाच डेटाला दोन वेगळे कट-पॉइंट आणि दोन वेगळे ‘धरण्यायोग्य दिवसा’चे नियम लावा, आणि चार उत्तरं का वेगळी आली ते दोन पानांत लिहून पाठवा. मुलाखतीत मी विचारते ते त्याच पानांवरून.