कूलरमधला फिनलेचा डास आणि लेकींची गाय: कॅरिबियन शास्त्रज्ञांवर शाळेत प्रयोग-टेबल कसं मांडाल

फोटो आणि जन्मतारखा चिकटवलेला फलक विज्ञान प्रदर्शनात कोणी वाचत नाही. त्यातून विषय कॅरिबियन शास्त्रज्ञांचा असेल, तर वेस्ट इंडीज म्हणजे नागपूरच्या जामठा स्टेडियमवर दिसणारा क्रिकेट संघ, यापुढे मुलांची गाडी जात नाही. म्हणून मोठी यादी करू नका. क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले आणि गाईची नवी जात घडवणारे जमैकाचे थॉमस लेकी, एवढे दोघे पुरे. फिनलेंचा डास आपल्या कूलरच्या टाकीत आहे, आणि लेकींच्या गाईत आपल्याकडच्या साहिवाल गाईचा वाटा.

दिवस निवडा 14 ऑगस्ट. 1881 साली याच तारखेला फिनलेंनी हवानाच्या अकादमीत पिवळा ताप डासामुळे पसरतो हे मांडलं. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, हा प्रयोग फसण्याचीच शक्यता जास्त, कारण नागपुरात तेव्हा सगळं कोरडं. ऑगस्टमध्ये मात्र कूलर बंद पडून असतात आणि टाकीत पाणी तसंच राहतं.

8 ऑगस्टला सापळा लावा. अर्धा लिटरचा प्लास्टिकचा डबा बाहेरून काळा रंगवा. निम्म्या उंचीच्या थोडं वर एक छिद्र पाडा, नाहीतर पावसाने डबा भरून अंडी वाहून जातील. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून, त्यात चिमूटभर वाळलेलं गवत टाकून, निम्म्यापर्यंत भरा. पांढऱ्या खरखरीत कापडाची चार सेंटिमीटर रुंद पट्टी काठाला चिमट्याने अडकवा. खालची अर्धी पाण्यात, वरची अर्धी बाहेर. डबा सावलीत, जमिनीलगत, शक्यतो कूलरच्या मागे ठेवा. मुंग्या अंडी पळवतात, म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवतात. त्या परातीतलं पाणी मात्र रोज बदला, नाहीतर तीच दुसरा सापळा होते.

14 तारखेला पट्टी काढून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर काळे, लांबट, सुटेसुटे ठिपके दिसले तर ती एडिस डासाची अंडी; फिनलेंचा डास याच गटातला. बोटाने फासले जाणारे तपकिरी डाग म्हणजे नुसती घाण. पट्टी पूर्ण बुडालेली असेल तर काही मिळणार नाही, कारण ही मादी अंडी ओल्या पृष्ठभागावर घालते, उघड्या पाण्यात नाही.

सापळा सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. ऑगस्टच्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि मग शाळाच डास पैदा करते. बघून झालं की पट्टी आणि पाणी पाच मिनिटं उकळा. नुसती वाळवलेली पट्टी धोक्याची, कारण ही अंडी कोरडी राहून काही महिने तग धरतात. कूलरची टाकी रिकामी करून भागत नाही, कडा ब्रशने घासाव्या लागतात, त्याचं कारणही हेच.

शेजारी बारा चौकोनांची कागदी पट्टी लावा, एक चौकोन म्हणजे एक दिवस. फिनलेंनी रुग्णाला चावलेला डास थोड्याच दिवसांत निरोगी माणसाला चावू दिला, आणि बहुतेकांना काही झालं नाही; म्हणून कोणाला पटेना. विषाणूला डासाच्या लाळेपर्यंत पोहोचायला साधारण बारा दिवस लागतात. 1900 साली अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने फिनलेंनीच दिलेल्या अंड्यांपासून डास वाढवले, पुरेसे दिवस थांबले, आणि सिद्ध झालं. मुलं हमखास लिहितात, ‘फिनलेंनी डेंग्यू शोधला’. ते खोडा. फिनलेंचा आजार पिवळा ताप, तो भारतात नाही; पण आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास तोच.

लेकींसाठी एकाच आकाराचे तीन रंगांचे मणी आणा, इतवारीत मिळतात. आकार वेगळा असला तर बोटांना कळतं आणि प्रयोग वाया जातो. एका पिशवीत 20 तपकिरी (जर्सी), दुसरीत 20 लाल (साहिवाल). डोळे मिटून दोन्हींतून दहा-दहा काढले की पहिलं वासरू. त्याच्या पिशवीतले दहा आणि नव्या जर्सीचे दहा, हे दुसरं. हिशेबाने लाल पाच यायला हवेत. प्रत्यक्षात कोणाला चार येतात, कोणाला सात. इथेच थांबून विचारा, कोणतं वासरू ठेवायचं? दुधाच्या नोंदी ठेवून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत राहणं हेच लेकींचं खरं काम. जर्सी आटोपशीर, लहान शेतकऱ्याला परवडणारी, पण ऊन आणि गोचीड तिला सोसत नाही, साहिवालला सोसतं. 1952 साली मान्यता मिळालेल्या ‘जमैका होप’ जातीत साधारण 80 टक्के जर्सी, 15 टक्के साहिवाल आणि 5 टक्के होल्स्टीन आहे. म्हणजे 20 मण्यांत 16 तपकिरी, 3 लाल आणि होल्स्टीनचा 1 काळा. घाईतली मुलं हे 16, 3, 1 थेट मोजून भरतात, जणू मिसळीचा मसालाच. तसं करू देऊ नका. मणी म्हणजे जनुक नव्हे, फक्त वारशाचा वाटा, हेही कार्डावर लिहा.

जागा उरली तर जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांचं एक कार्ड. आताच्या घानामध्ये काम करताना, 1930 च्या दशकात, त्यांनी ‘क्वाशिओर्कोर’ हा कुपोषणाचा आजार वैद्यकशास्त्रासमोर नीट मांडला. या आजारात येणाऱ्या सुजेवर अंगठा दाबला की खड्डा राहतो, हे पिठाच्या गोळ्यावर दाखवता येतं. गोळा ज्वारीच्या पिठाचा घ्या; कणकेला ताण असतो, खड्डा भरून येतो.